बनराकस हवा, पण दुसऱ्याच्या गावात

पहिल्या सीझनमध्ये फुलेरा गावावर कोसळलेली संकटं अशी होती : ग्रामपंचायतीच्या कुलपाची किल्ली हरवली. सौरदिव्याचा शेवटचा खांब कुठे लावायचा यावरून पेच पडला, कारण उरलेली एकमेव जागा भुताच्या झाडाजवळची होती. सचिवानं चाकांची खुर्ची आणली आणि तिच्यावरून एका नवरदेवाशी वाजलं. पंचायतीचा मॉनिटर चोरीला गेला. भिंतीवर कुटुंबनियोजनाची घोषणा रंगवली, तर दोनपेक्षा जास्त पोरांचे बाप खवळून उठले. संपली संकटं.

३ एप्रिल २०२० ला ‘पंचायत’ प्राइम व्हिडिओवर आली, तेव्हा अख्खा देश घरात कुलूपबंद बसला होता. त्या काळातल्या वेबमालिकांमध्ये दर पंधरा मिनिटांनी कुणीतरी कुणाला तरी गोळी घालायचं. अशा वेळी एका कार्यालयाचं कुलूप कसं उघडायचं, या प्रश्नावर जवळजवळ अख्खा भाग घालवणारी मालिका आली आणि लोकांना भरून आलं. किल्ली प्रधानजींनीच हरवलेली, ती शोधायची शेतात, आणि घाई कुणालाच नाही. सरकारी कामाचं इतकं वास्तव चित्रण भारतीय पडद्यावर क्वचितच झालं असेल.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही (असे वाचक असतीलच, ते बहुधा खऱ्याखुऱ्या पंचायतीत निवडून आलेले असतील) त्यांच्यासाठी थोडक्यात. उत्तर प्रदेशातल्या बलिया जिल्ह्यातलं फुलेरा हे काल्पनिक गाव. चित्रीकरण मात्र मध्य प्रदेशातल्या सीहोर जिल्ह्यात, महोडिया गावात. अभिषेक त्रिपाठी हा इंजिनिअर पोरगा धड नोकरी न मिळाल्यानं इथं पंचायत सचिव, म्हणजे आपल्याकडचा ग्रामसेवक, म्हणून येतो. पगार महिना वीस हजार, मुक्काम कार्यालयातच, आणि रात्री व्यवस्थापनाच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास. गावची प्रधान, म्हणजे आपली सरपंच, मंजूदेवी. म्हणजे नीना गुप्ता. कारभार करणार तिचे पती ब्रिजभूषण दुबे, आणि गाव ‘प्रधानजी’ म्हणतं ते त्यांनाच. म्हणजे रघुवीर यादव. उपप्रधान प्रल्हाद आणि कार्यालयातला सहायक विकास. पुरुष मंडळी संध्याकाळी बिअर घेऊन बसतात, प्रधानजी सचिवाला जाताना एक दुधी भोपळा देतात, आणि दिवसभराचं संकट मिटतं. चंदनकुमार यांचं लेखन आणि दीपककुमार मिश्रा यांचं दिग्दर्शन. बघून वाटायचं की गाव असावं तर असं.

मग भूषण आला.

म्हणजे तो गावातच होता, पण पहिल्या सीझनमध्ये असून नसल्यासारखा. २०२२ साली दुसरा सीझन आला आणि तो मध्यभागी येऊन बसला. बसला हा शब्द शब्दशः घ्यायचा. भूषणचं राजकारण बसून चालतं. खांद्यावर गमछा, आवाज मधाळ, नजर तिरकी, आणि चेहऱ्यावर असा भाव, की सारं जग आपल्याविरुद्ध कट करतंय आणि आपण तो नुकताच पकडलाय. गावानं त्याचं नाव बनराकस, म्हणजे वनराक्षस, ठेवलंय, आणि ते त्याच्या तोंडावरही म्हटलं जातं. गंमत अशी की ज्या प्रधानजींचा हा हाडवैरी, ते ब्रिजभूषण आणि हाही भूषणच. गावाला दोन-दोन भूषणं लाभली, मग रस्ता नीट कसा होणार?

दुर्गेशकुमार हा राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून आलेला नट. २०१४ च्या ‘हायवे’पासून हिंदी सिनेमात आहे, ‘लापता लेडीज’मध्ये हवालदार होता. पण लोक ओळखतात ते बनराकस म्हणून. आपल्याकडे निळूभाऊ फुल्यांनी पडद्यावर इतके पाटील आणि सरपंच रंगवले की प्रत्यक्षातल्या या साध्या, सज्जन माणसाचा बायाबापड्यांनी धसका घेतला. दुर्गेशकुमारचंही तसंच काहीसं झालं असावं. फरक एवढाच की निळूभाऊंच्या पात्राकडे सत्ता असायची. बनराकसकडे फक्त बिनोद आहे.

बिनोद हा या मालिकेतला सर्वांत थोर राजकीय शोध म्हणायला हवा. भूषण प्रतिपक्षाशी थेट बोलतच नाही. सचिव समोर उभा, प्रधानजी समोर उभे, आणि हा शेजारी बसलेल्या बिनोदकडे वळून विचारतो : “देख रहा है बिनोद?” बिनोद बघतो. त्याला काय दिसतं, ते त्याचं त्यालाच ठाऊक. पण साक्षीदार मिळाला, सभा भरली, ठराव मंजूर झाला. लेकी बोले सुने लागे ही कला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सासवांच्या ताब्यात होती. ती गावकीच्या राजकारणात आणण्याचं श्रेय भूषणला द्यावं लागेल. त्यानंतर कित्येक महिने देशभरातल्या ऑफिसांत, हॉस्टेलांत आणि व्हॉट्सॲपवर कुणी ना कुणी बिनोदला काही ना काही दाखवत होतं. बिनोद झालेला अशोक पाठक २०२४ साली ‘सिस्टर मिडनाइट’ या चित्रपटामुळे थेट कान महोत्सवात पोहोचला. दाखवणारे इथंच राहिले, बघणारा कानला गेला.

इथून प्रेक्षकांत उभी फूट पडली. एका पंगतीचं म्हणणं, मालिका खरी रंगली ती बनराकसमुळेच. नाहीतर भोपळे किती वेळा देणार आणि घेणार? दुसऱ्या पंगतीचं म्हणणं, या मेल्यानं आमच्या गोड गावाचं वाटोळं केलं. आम्ही दिवसभर ऑफिसातलं राजकारण सोसून रात्री दोन घटका निवांत बसायचं म्हणून फुलेऱ्याला जायचो, तर तिथंही हा दबा धरून बसलेला. दोन्ही पक्षांचं म्हणणं मी मन लावून ऐकलं आणि शेवटी एक काम केलं जे गावात कुणीच केलेलं नाही. भूषणच्या तक्रारींची चौकशी लावली.

तक्रार पहिली : गाव कागदावर हागणदारीमुक्त आहे, पण बिनोदच्या घरी शौचालय नाही. चौकशीअंती : नाहीच. सचिव नियम, निधी, प्रक्रिया असं बरंच काही समजावतो, ते सगळं खरंही असतं. पण त्यातल्या कशावरही बसता येत नाही.

तक्रार दुसरी : रस्त्यात खड्डे आहेत. चौकशीअंती : आहेत. इतके आहेत की तिसऱ्या सीझनमध्ये एका भागाचं नावच ‘गड्ढा’ ठेवावं लागलं.

तक्रार तिसरी : घरकुलांच्या यादीत गावाच्या पूर्वेकडची, म्हणजे प्रधानजींच्या बाजूची माणसं जास्त आणि पश्चिमेकडची कमी. चौकशीअंती : तथ्य आढळलं. आपल्या माणसांवर प्रेम करणं हा गुन्हा नाही, पण यादीत ते इतकं ठळक दिसायला नको होतं.

चौथी गोष्ट तर तक्रार करण्याच्याही पलीकडची. निवडून आलेली प्रधान घरी, आणि पंचायतीत तिचा नवरा. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ साली लागू झाली आणि पंचायतींमध्ये किमान एक तृतीयांश जागा महिलांसाठी आल्या. महाराष्ट्रानं २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेलं. या आरक्षणाबरोबर देशभर एक नवं, घटनेत कुठंही नसलेलं पद जन्माला आलं : प्रधानपती. आपल्याकडे त्याला सरपंचपती म्हणतात, आणि काही ठिकाणी तो सत्काराचा नारळही स्वतःच घेतो. हा प्रकार इतका रुळला की २०२५ मध्ये केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाला ‘पंचायत’वाल्याच टीव्हीएफकडून ‘असली प्रधान कौन?’ नावाची फिल्म करवून घ्यावी लागली. म्हणजे ज्या गोष्टीवर आपण पहिला सीझनभर मायेनं हसलो, तिच्यावर सरकारला जनजागृती करावीशी वाटली.

तात्पर्य, बनराकसचं जवळजवळ प्रत्येक म्हणणं खरं आहे. आणि इथंच पंचाईत होते. कारण भूषणला यातलं काहीही सुधारायचं नाही. जागा महिलेची आहे, म्हणून तो आपल्या बायकोला, क्रांतीदेवीला, पुढे करतो. कारभार कुणी बघायचा हे उघडच आहे. व्यवस्था बदला असं तो कधीच म्हणत नाही. नवरा बदला, एवढंच त्याचं म्हणणं.

असा माणूस ओळखायला बलियापर्यंत जायला नको. आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत तो दुसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर असतो. सेक्रेटरी हिशेब वाचतात, सगळ्यांचं लक्ष मागच्या टेबलावरच्या सामोशांच्या खोक्याकडे, आणि नेमका ‘मंजूर, मंजूर’ असा गजर उठणार तोच हे काका चष्मा कपाळावर सरकवून म्हणतात, “पान चार. इतर खर्च, अकरा हजार सातशे. इतर म्हणजे काय?” सभागृहातून एक सुस्कारा निघतो. सामोसे गार होऊ लागतात. ‘इतर’ म्हणजे काय हे सेक्रेटरींनाही नक्की माहीत नसतं, पण त्यांच्यावर कुणी चिडत नाही. सगळे चिडतात काकांवर. शिवाय काकांना त्या अकरा हजारांशी काही देणंघेणं नसतं. त्यांना गेल्या वर्षी त्यांच्या बाल्कनीच्या शेडला परवानगी मिळाली नव्हती, ती सल असते. प्रश्न बरोबर, माणूस चुकीचा, वेळ तर भयंकर. पण हा एक माणूस सभेला आला नाही, तर पुढच्या वर्षी ‘इतर’च्या पुढे आणखी एक शून्य वाढतं, हेही सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणूनच त्याला सभेची नोटीस कुणी चुकवत नाही. फक्त वेळ अर्धा तास उशिराची सांगतात.

विनोदी मालिकेच्या दृष्टीनं मात्र हे काका घातक. पहिल्या सीझनमधला विनोद ज्या पायावर उभा होता तो म्हणजे विसरणं. संकट सकाळी यायचं, संध्याकाळी मिटायचं आणि दुसऱ्या भागात त्याची आठवणही कुणाला नसायची. खुर्चीवरून झालेलं भांडण खुर्चीपाशी संपायचं. भूषण आला आणि त्याच्याबरोबर गावाला स्मरणशक्ती आली. कोण कुणाला काय म्हणालं, कोणत्या यादीत कुणाचं नाव नव्हतं, आमदारानं कुणाचा कसा अपमान केला, हे सगळं जपून ठेवलं जाऊ लागलं. राग साठला की कथानक तयार होतं, आणि कथानक एकदा घरात शिरलं की विनोदाला ओसरीवर झोपावं लागतं.

खात्री करायची तर भागांची नावंच वाचावीत. पहिल्या सीझनमध्ये : ‘भूतहा पेड़’, ‘चक्के वाली कुर्सी’, ‘कंप्यूटर नहीं मॉनिटर’. तिसऱ्या सीझनच्या अखेरीस : ‘चिंगारी’, ‘शोला’, ‘हमला’. जणू शाळेच्या हस्तकला प्रदर्शनात शिरलो आणि बाहेर पडलो ते मिथुनच्या सिनेमातून. मध्ये एका भागात रीतसर शांतता समझोता होतो, तर त्यासाठी आणलेल्या कबुतराचाच जीव जातो. सीझन संपता संपता प्रधानजींना गोळी लागते आणि दवाखान्यात दोन्हीकडची माणसं एकमेकांवर तुटून पडतात. २०२० मध्ये ज्या गावात मॉनिटर चोरीला जाणं ही सर्वांत मोठी गुन्हेगारी होती, त्या गावात २०२४ मध्ये गोळीबार. चार वर्षांत एवढी प्रगती आपल्याकडे फक्त जमिनीचे भाव वाढलेल्या तालुक्यांत दिसते.

पण दोष सगळा भूषणच्या माथी मारण्याआधी एक नोंद. नोव्हेंबर २०२३ मध्ये गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, म्हणजे इफ्फीत, सर्वोत्कृष्ट वेबमालिकेचा पुरस्कार पहिल्यांदाच दिला गेला, आणि तो मिळाला ‘पंचायत’च्या दुसऱ्या सीझनला. ज्या सीझनमध्ये गावाची शांतता भंगली त्यालाच. परीक्षकांना बहुधा कळलं होतं की भोपळ्याची गोडी टिकवायची तर ताटात थोडं कारलंही लागतं. दुसऱ्या सीझनच्या शेवटी प्रल्हादचा सैन्यातला मुलगा जातो, तेव्हा ते दुःख आपल्याला लागतं. कारण तोवर हे गाव खरं झालेलं असतं. आणि ते खरं झालेलं असतं त्यात थोडा वाटा या तिरक्या नजरेच्या माणसाचाही आहे. ज्या गावात सगळ्यांचं सगळ्यांशी पटतं ते गाव पर्यटन खात्याच्या जाहिरातीत असतं, नकाशावर नसतं.

तरीही आपल्याला तसंच गाव हवं असतं. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक बिनविरोध झाली की कमानी उभ्या राहतात, गुलाल उडतो, वर्तमानपत्रात फोटो येतो : ‘गावानं घालून दिला आदर्श’. विरोधक नाही याचा एवढा आनंद जगात दुसरीकडे कुठे होत असेल असं वाटत नाही. हा आदर्श कधी कधी कसा घडतो, तेही दिसलंय. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगानं नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथल्या ग्रामपंचायत निवडणुका रद्द केल्या, कारण तिथं पदांचा चक्क लिलाव झाला होता. बोली लागली, हातोडा पडला, एकमत झालं. त्या मंडळींत एखादा भूषण असता, तर बोली चालू असताना शेजारच्याला म्हणाला असता, देख रहा है? पहिल्या सीझनचं फुलेरा हे असंच मनानं बिनविरोध गाव होतं. म्हणून तर ते आपल्याला इतकं आवडलं.

२४ जून २०२५ ला आलेल्या चौथ्या सीझनमध्ये मग व्हायचं ते झालं. आठ भाग, सगळी निवडणूकच. एका बाजूला मंजूदेवी, चिन्ह दुधी भोपळा. दुसऱ्या बाजूला क्रांतीदेवी, चिन्ह प्रेशर कुकर. पहिल्या सीझनमध्ये जो भोपळा प्रधानजी प्रेमानं पोराच्या हातात ठेवायचे, तोच आता भिंतीवर रंगवून मतं मागत होता. भाजीसुद्धा पक्षात गेली. प्राइम व्हिडिओनं तर प्रेक्षकांकडूनच भोपळा की कुकर असं मतदान करवून घेतलं आणि २ जुलैला येणारी मालिका आठवडाभर आधी आणली. मत दिल्यावर सांगितलेल्या तारखेच्या आधी काम झालं, असा अनुभव भारतीय मतदाराला पहिल्यांदाच आला असावा.

त्या निवडणुकीतला माझा आवडता प्रसंग बिनोदचा. प्रधानजींची मंडळी त्याला फोडायला घरी बोलावतात, पानात चांगलंचुंगलं वाढतात. बिनोद पोटभर जेवतो, डोळ्यात पाणी आणतो आणि सांगतो, गरीब आहे, गद्दार नाही. महाराष्ट्रातल्या प्रेक्षकानं हा प्रसंग मागे नेऊन पुन्हा पाहिला असेल तर नवल नाही. आपल्याकडे २०२२ मध्ये फुटलेल्या आमदारांची अशीच पंगत सुरतेला बसली आणि हात धुवायला गुवाहाटीपर्यंत गेली. बिनोद मात्र जेवून घरी गेला. आजवर ज्याला फक्त बघायचं काम होतं, त्यानं बरंच काही बघून ठेवलं होतं म्हणायचं.

आणि निकाल? क्रांतीदेवी निवडून आली. भोपळा हरला, कुकर जिंकला. भोपळा कितीही प्रेमाचा असला तरी शिजवायला कुकरच लागतो, हे मतदारांच्या ध्यानात आलं असणार. क्रांतीदेवी झालेली सुनीता राजवार ही ‘गुल्लक’मधली बिट्टूची मम्मी. तिथंही ती शेजारणीच्या संसारात अचूक वेळी डोकावणारी. अशी माणसं टीव्हीएफच्या मालिकांत एकाच घरातून निवडून येतात.

निकालानंतर आपल्यातले कित्येक जण हळहळले. सभ्य माणसं हरली, कारस्थानी जिंकले, आता बघवणार नाही वगैरे. मला मात्र काळजी वाटते ती भूषणची. या माणसानं आयुष्यभर एकच कला जोपासली, ती म्हणजे दुसऱ्याच्या कारभाराकडे बोट दाखवणं. आता कारभार त्याचा. घरात शौचालय नाही अशी तक्रार घेऊन कुणी आलं तर त्याला नियम, निधी आणि प्रक्रिया समजावून सांगावी लागणार. घरकुलांच्या यादीत पश्चिमेकडची नावं जास्त का, याचं उत्तर द्यावं लागणार. वर सचिवजी तेच. कुठल्याही विरोधकाला देता येईल अशी सर्वांत कडक शिक्षा म्हणजे त्याला निवडून देणं, आणि फुलेऱ्याच्या मतदारांनी ती ठोठावली.

पाचवा सीझनही जाहीर झालाय. त्यात गावाला नवा बनराकस लागेल, कारण हे पद कधी रिकामं राहत नाही. त्याला आरक्षण नाही, अर्ज नाही, डिपॉझिट नाही. सत्तेतून उतरलेला माणूस आपोआप त्यावर रुजू होतो. म्हणजे आता पाळी प्रधानजींची. तेही चौकात बसतील, रस्त्याचं काय झालं म्हणून विचारतील, आणि त्यांच्या मनातही रस्त्यापेक्षा गेलेली खुर्चीच जास्त असेल. फक्त आपण तेव्हा त्यांना बनराकस म्हणणार नाही. रघुवीर यादवांचा चेहरा, इतक्या वर्षांची माया, खांद्यावर गोळीची खूण. आपण सोफ्यावर मांडी ठोकून म्हणू, बघा, गावासाठी किती पोटतिडकीनं बोलतोय माणूस! खड्डा तोच, प्रश्न तोच, खुन्नसही तीच. पण आपल्या माणसानं विचारलं की ती जागरूकता होते. ही सवय आपण फुलेऱ्यातून उचललेली नाही. फुलेऱ्याला ती आपल्याकडून मिळाली.